लेथशिवाय लाकडी वाडगा: पडलेल्या फणसापासून तेल पाजण्यापर्यंत

वाडगा गोलच हवा, ही सवय आपल्याला लेथनं लावली. लेथवर लाकूड फिरतं आणि हत्यार जागेवर असतं, म्हणून तिथे आकार गोल येणं भागच असतं. हातानं कोरताना लाकूड जागेवर राहतं आणि हात फिरतो. काथवट, उखळ, गुरांच्या पाण्याची दोण, एका खोडातून काढलेली होडी, हे सगळं असंच कोरून झालेलं. त्यामुळे लांबट, टोकाला निमुळता, एका बाजूला धरायला कान ठेवलेला, असा कुठलाही वाडगा चालतो. हातानं करायला सगळ्यात अवघड असतो तो अचूक गोल. पहिला वाडगा लंबगोल करा; लाकडाच्या रेषा लांबीच्या बाजूनं राहतात, टोकं जाड ठेवता येतात आणि थोडा वेडावाकडा झाला तरी तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांसारखी लाखेच्या रंगांची झळाळी इथे मिळणार नाही. तो वेगळा धंदा, त्याला पिढ्यांची सवय लागते. इथे चाललंय ते गंमत म्हणून, सुट्टीच्या दिवशी सोप्यावर बसून करायचं काम.

लाकूड कुठलं, कुठून

गोव्यात राहणाऱ्याला लाकूड शोधायला लांब जावं लागत नाही. जून-जुलैच्या वाऱ्यापावसात एखादा फणस, आंबा किंवा शिवण कुठे ना कुठे आडवी होते. ज्याचं झाड त्याला विचारा. बहुतेक वेळा फांद्या नेल्याबद्दल तोच आभार मानतो. मात्र उभं झाड तोडायचा विचार असेल तर थांबा. १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार गोव्यात स्वतःच्या जमिनीतलं झाड पाडायलाही परवानगी घ्यावी लागते. आणि मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांतून पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. सत्तरीतल्या देवरायांबद्दल तर कायद्याची आठवण करून द्यायची गरजच नसते, तिथे वाळकी काटकीही कुणी घरी आणत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या वाडग्यासाठी फणस. गाभा पिवळाधमक असतो, उजेड लागत गेला की हळूहळू तपकिरी-तांबूस होतो. कोरायला मध्यम, किडीला बऱ्यापैकी दाद न देणारा. मृदंगाचं खोड आणि देवांच्या मूर्ती त्यातून करतात ते उगाच नाही. ओल्या फणसाचा चीक मात्र हत्याराला आणि हाताला चिकटतो. काम सुरू करण्याआधी दोन्हींना खोबरेल लावलं की फणस सोलताना जसं निभावतं तसंच निभावतं.

शिवण हलकी, फिकट आणि कोरायला सगळ्यात मऊ. मिळाली तर सोडू नका. आंबा सहज मिळतो, पण त्याचा पांढरा भाग कीड फार लवकर पकडते आणि पावसात ठेवला तर बुरशीनं निळा-काळा होतो. तसा डाग काहींना आवडतो. साग जुन्या घरांच्या मोडतोडीत मिळतो. त्याचा सुका तुकडा चांगला निघतो, पण आत खिळे असतात, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि वाळवीचं औषध मारलेलं असण्याची शक्यता असते. तसल्या लाकडाचा वाडगा किल्ल्या ठेवायला, खायला नव्हे. गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे ऐन, इतका कठीण की पहिल्याच वेळी त्याच्या नादी लागलात तर पटाशीची धार आणि तुमचा उत्साह दोन्ही एका दुपारीत जातील. माड तर टाळाच, त्याचे काळे धागे कडक आणि मधला भाग भुसभुशीत.

काही लाकडं घरातच आणायची नाहीत. काजऱ्याचं झाड विषारी, कण्हेरही तशीच. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. काजूच्या लाकडाचं काही जणांना चालतं, पण त्याच्या सालीतला आणि चिकातला दाह लक्षात घेता खाण्याच्या भांड्यासाठी मी ते सुचवणार नाही. ओळख पटत नसेल ते लाकूड चुलीतही घालू नका, वाडग्याची गोष्ट दूरच.

ओलं की सुकं

ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, पण सुकताना आकसतं. आकसणं सगळीकडे सारखं नसतं: वार्षिक वलयांच्या बाजूनं ते सगळ्यात जास्त होतं, वलयांना काटकोनात साधारण त्याच्या निम्मं, आणि रेषांच्या लांबीत जवळजवळ शून्य. या असमान ओढाताणीतूनच भेगा पडतात. शिवाय आडव्या कापलेल्या टोकांमधून पाणी बाजूंपेक्षा कित्येक पटीनं लवकर बाहेर पडतं, म्हणून भेग नेहमी टोकापासून सुरू होते.

यावर उपाय सोपे आहेत. खोड आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना पातळ केलेलं मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाड थरात फासा. दुसरं, खोडाच्या अगदी मधोमध असलेला गर कधीही वाडग्यात ठेवू नका. खोड मधून उभं फोडायचं, मधला साधारण दोन सेंटिमीटरचा पट्टा रंध्यानं किंवा वाकसानं तासून काढायचा. फोडायला दोन लाकडी किंवा लोखंडी पाचरी आणि घण पुरतात. करवतीपेक्षा फोडणं बरं, कारण लाकूड स्वतःच्या रेषेनं उलगडतं आणि रेषा कुठे वळतात ते डोळ्यांना दिसतं.

ओल्यापासून सुरुवात करणार असाल तर गोव्याचं हवामान धरूनच दिनक्रम ठेवा. पावसात पडलेलं झाड लगेच फोडून, वाडगा कच्चा कोरून, भिंती जाड ठेवून तो सुकायला ठेवायचा. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे सुकणं फार सावकाश होतं. ते एका अर्थी बरंच, कारण घाईनं सुकलेलं लाकूडच तडकतं. खरी अडचण बुरशीची. खरं सुकणं होतं ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. मी तरी लोकांना हेच सांगतो: जून-जुलैत कच्चं कोरा, चवथ येऊ दे, दिवाळी होऊ दे, मग शेवटचा हात फिरवा. ज्याला इतका धीर नाही त्यानं लाकडाच्या वखारीतून वर्षभर सुकलेला फणसाचा जाड तुकडा घ्यावा आणि डिसेंबरात थेट पूर्ण वाडगा कोरावा. मेहनत दुप्पट लागते, धार वारंवार लावावी लागते, पण वाट बघावी लागत नाही.

आकारमान सांगायचं तर २५ सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि ७ जाड असा ठोकळा पुरे. सुक्या फणसाचा असा ठोकळा दोन किलोच्या आसपास भरतो. त्यातून शेवटी उरतं ते निम्म्याहून बरंच कमी.

हत्यारं

एकच गोष्ट चांगली घ्यायची असेल तर ती गोल पटाशी. २० ते २५ मिलिमीटर रुंद, मध्यम खोलगट, लांब दांड्याची. म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत साध्या पटाश्या सहज मिळतात, गोल पटाशी मागून घ्यावी लागते. गावात जुने मेस्त, म्हणजे सुतार, असतील तर त्यांच्याकडे एखादी वापरात नसलेली पडून असते आणि तिचं लोखंड नव्या स्वस्त पटाशीपेक्षा अनेकदा सरस निघतं. जोडीला साधी सरळ पटाशी, लाकडाची मोगरी (अर्धा किलोच्या आसपास, लोखंडी हातोडीनं पटाशीचा दांडा फुटतो), बारीक दातांची करवत, अर्धगोल कानस आणि पेन्सिल. वाकस चालवता येत असेल तर बाहेरची बाजू निम्म्या वेळात होते, येत नसेल तर पायाची बोटं सांभाळा आणि करवत वापरा.

अँगल ग्राइंडरला लावायच्या दातेरी चकत्या बाजारात मिळतात. काम भराभर होतं हे खरं, पण चकती लाकडात अडकली की यंत्र हातातून उसळतं आणि त्या वेळी चकतीवरचं झाकण काढून टाकलेलं असेल तर दवाखानाच. गंमत म्हणून करायच्या कामात हा धोका मला पटत नाही.

धार हा सगळ्या कामाचा निम्मा भाग. पटाशी इतकी लखलखीत हवी की सुक्या लाकडाच्या आडव्या टोकावरून ढकलली तर चुरा न पडता चकचकीत काप निघावा. बाहेरची बाजू धारेच्या दगडावर, बाजूला डोलवत डोलवत. आतली बाजू एका गोल काठीला बारीक पॉलिशपेपर गुंडाळून त्यावर. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवी पॉलिशची वडी घासून त्यावर मागे ओढत पाच-दहा वेळा. काम चालू असताना दर वीसेक मिनिटांनी पुन्हा पट्ट्यावर. जोर लावावा लागतोय असं वाटलं की समजायचं, धार गेली. समुद्राच्या हवेत हत्यारं दोन दिवसांत गंजतात, म्हणून उठताना शिलाई मशीनचं तेल पुसून ठेवा.

ठोकळा धरायचा कसा

यावर लोक फार कमी विचार करतात आणि मग एका हातानं लाकूड धरून दुसऱ्यानं पटाशी ढकलतात. हात कापला जातो तो इथे. नियम एकच: पटाशीच्या पुढे शरीराचा कुठलाही भाग नको, दोन्ही हात धारेच्या मागे.

वाईस असलेलं टेबल असेल तर प्रश्न नाही. नसेल तर एक जाड फळी घ्या, ठोकळा तिच्यावर ठेवून चारही बाजूंना लाकडी पट्ट्या स्क्रूनं पक्क्या बसवा. दोन बाजूंना थोडी फट ठेवून त्यात पाचर ठोका, ठोकळा हलणार नाही. फळी मग टेबलाला क्लॅम्पनं आवळा, किंवा सोप्याच्या कट्ट्यावर ठेवून तिच्या टोकांवर दोन चिरे ठेवा. चिऱ्याचं वजन मोगरीच्या माराला पुरून उरतं. दुसरी युक्ती म्हणजे ठोकळा हवा त्यापेक्षा दहाएक सेंटिमीटर लांब घ्यायचा आणि दोन्ही टोकांना चौकोनी कान ठेवायचे. क्लॅम्प त्या कानांना लागतो, वाडगा मोकळा राहतो, आणि कान शेवटी करवतीनं उडवायचे.

पायात धरून काम करणारे जुने कारागीर तुम्ही पाहिले असतील. ते त्यांना जमतं.

आधी आत, मग बाहेर

उलट क्रम बहुतेकांना सुचतो, कारण बाहेरचा आकार डोळ्यांना दिसतो. पण आतून कोरताना ठोकळ्याला चांगली बैठक लागते आणि चौकोनी ठोकळाच नीट धरता येतो. शिवाय आतला आकार हातात आला की बाहेरचा त्याच्या मागोमाग ठरवता येतो. बाहेर आधी गोलाकार केलंत तर आत कुठवर जायचं याचा अंदाज राहत नाही आणि तळाला भोक पडतं.

वरच्या सपाट बाजूला मधली रेषा काढा, लांबीची आणि रुंदीची. जाड कागद दोनदा घडी घालून पाव लंबगोल कापा, उलगडला की चारही बाजू सारख्या येतात. तो ठेवून आखा. आतली रेषा बाहेरच्या रेषेपासून दीड सेंटिमीटर आत, दोन्ही टोकांना अडीच सेंटिमीटर (ओलं लाकूड असेल तर सगळीकडे दोन). टोकं जाड ठेवायचं कारण असं, की तिथे भिंत लाकडाच्या रेषांना आडवी जाते आणि पातळ केली तर सहज तुकडा उडतो.

मग खोली बांधून घ्या. ड्रिलच्या बिटाला टोकापासून साडेचार सेंटिमीटरवर रंगीत टेप गुंडाळा आणि मधोमध एक, आजूबाजूला थोडी कमी खोल अशी चार-पाच भोकं पाडा. ठोकळा ७ सेंटिमीटर असेल तर तळाला अडीच उरतात, त्यातला एक नंतर बाहेरून जाईल. ही भोकं दिसेनाशी झाली की थांबायचं. ड्रिल नसेल तर जुनं हातगिरमिट उत्तम, तेही नसेल तर आडवी काठी आणि फुटपट्टी वापरून सतत मापत राहा.

कोरायला सुरुवात कडेपासून करायची नाही. मधल्या भोकाशी पटाशी ठेवा, रेषांना आडवी, मोगरीचे हलके ठोके, आणि छोटासा खळगा करा. मग समोरच्या बाजूनं त्या खळग्याकडे येणारा दुसरा काप. दोन्ही बाजूंनी मधोमध भेटत गेलात की कपचे सुटून पडतात. प्रत्येक फेरीत खळगा थोडा रुंद, थोडा खोल. पटाशी साधारण ४५ अंशात आत शिरते आणि हात खाली दाबत ती बाहेर येते. ती सरळ उभी खुपसू नका. अडकते, आणि मग ती सोडवायला हलवताना धारेचा कोपरा तुटतो.

लाकूड कधी साथ देतं आणि कधी उलटतं याचा एकच नियम पाठ करा: काप नेहमी उतारानं. आतल्या बाजूला काठाकडून तळाकडे, बाहेरच्या बाजूला वाडगा पालथा घालून तळाकडून काठाकडे. उलट दिशेनं गेलात की पटाशी रेषेखाली घुसते आणि लांब चिरफळी उपटते. आवाजही वेगळा येतो. बरोबर दिशेला सरसर, चुकीच्या दिशेला करकर. तळाशी दोन्ही उतार एकमेकांना भेटतात तिथे रेषा कायम बिनसतात. त्या पट्ट्यात मोगरी बाजूला ठेवायची, हातानं ढकलत, रेषांना तिरपे, कागदासारखे पातळ काप घ्यायचे.

कडेच्या आखलेल्या रेषेपाशी यायला घाई नको. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सगळ्यात शेवटी, नव्यानं लावलेल्या धारेनं, एका सलग कापात काठापासून खाली.

निखाऱ्यांनी पोकळ करणं

गोल पटाशीच नसेल, किंवा घरातल्या पोरांना एखादा दिवस रमवायचं असेल, तर जुनी पद्धत आहे: जाळून कोरणं. एका खोडाच्या होड्या जगभर अशा झाल्या. लाकूड सुकं हवं. साध्या पटाशीनं मधोमध उथळ खळगा करा, म्हणजे निखारा घरंगळणार नाही. करवंट्या पेटवून त्यांचे निखारे करा; ते कडक आणि बराच वेळ टिकणारे असतात. चिमट्यानं दोन-तीन निखारे खळग्यात ठेवा आणि फुंकणीनं हळू फुंका. निखारा लाल होईल इतकंच, लाकडानं ज्वाळा धरता कामा नये. काठाला ओल्या मातीचा जाड लेप द्या, तिथवर आग पोचत नाही.

अर्धा सेंटिमीटर कोळसा झाला की निखारे पाण्याच्या बादलीत टाका आणि जळलेला थर खरवडा. तिसऱ्यांच्या किंवा कालवाच्या जाड शिंपल्याची कड यासाठी फार छान चालते, जुना स्टीलचा चमचाही. मग पुन्हा निखारे. एका बाजूला जास्त जळतंय असं दिसलं की तिथे ओली माती थापा. घाई करून भरपूर निखारे ओतलेत तर उष्णतेनं तळाला भेग जाते. साडेचार सेंटिमीटर खोल व्हायला अख्खा दिवस जातो, पण बोलत बसायचं काम असल्यामुळे तो जाणवत नाही. शेवटी सगळा काळा थर खरवडून, घासून, स्वच्छ लाकूड लागेपर्यंत जायचं. आतली बाजू गडद तपकिरी राहते आणि ती फणसाच्या पिवळ्यावर शोभून दिसते.

हे काम बंद खोलीत मुळीच नाही, धूर आणि कोळशाचा वायू दोन्ही घातक. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत वाळल्या पानांवरही नाही.

बाहेरची बाजू

ठोकळा पालथा घाला. तळावर बैठकीचा लंबगोल आखा, साधारण वरच्या लांबी-रुंदीच्या निम्मा. करवतीनं चारही कोपरे उडवा, मग उरलेले टोकदार कोन पुन्हा उडवा. आता वरून सोळा बाजूंचा आकार दिसतो. बैठकीच्या रेषेपासून काठाकडे तिरपे काप घेत उतरा. वाकस असेल तर इथे, नसेल तर सरळ पटाशी, खोलगट भाग खाली ठेवून गोल पटाशी, आणि शेवटी कानस.

भिंतीची जाडी बघायला एक जाड तार वाकवून इंग्रजी सी अक्षरासारखी करा, दोन टोकांत हव्या त्या जाडीइतकं अंतर ठेवा आणि काठावरून सरकवत फिरवा. अडकली तिथे जाड आहे, खडखडली तिथे पुरे. यंत्रापेक्षा बोटं चांगली. डोळे मिटून अंगठा आत आणि तर्जनी बाहेर अशी काठापासून तळाकडे नेली की एक मिलिमीटरचा फरकही कळतो.

सुक्या लाकडाचा वाडगा असेल तर भिंत आठ-दहा मिलिमीटर, तळ बारा-पंधरा. अजून ओला असेल तर इथेच थांबा: सगळीकडे एकसारखी दोन सेंटिमीटर जाडी ठेवा. एकसारखी हे महत्त्वाचं. तळ जाड आणि भिंत पातळ असेल तर एक भाग आधी सुकतो, दुसरा त्याला ओढतो.

सुकवताना

कच्चा वाडगा वजन करून त्यावर पेन्सिलीनं तारीख आणि ग्रॅम लिहा. आडव्या टोकांना पुन्हा मेण लावा. खाकी कागदाच्या पिशवीत, त्याच्याच सुक्या कपच्यांमध्ये ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. पावसात दर दोन-तीन दिवसांनी पिशवी आणि कपचे बदला. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडा. चुलीचं घर असेल तर धुराच्या माळ्यावर, पण आचेच्या अगदी वर नाही. धुरानं कीड लांब राहते. आठवड्याला एकदा वजन करा. सलग तीन-चार आठवडे वजन हलेनासं झालं की लाकूड त्या हवेइतकं सुकलं. पावसात ते थांबेल, नोव्हेंबरात पुन्हा उतरू लागेल. त्या वेळची ही दुसरी घसरण झाल्यावरच पुढचं काम.

उकळण्याची पद्धतही आहे. कच्चा वाडगा पाण्यात बुडवून, जाडीच्या प्रत्येक इंचाला तासभर या हिशेबानं उकळायचा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचा. ताण सैलावतो, किडीची अंडी मरतात. अडगळीतलं जुनं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, असेल तर त्यासाठी काढा, स्वयंपाकाचं भांडं नको. फणसाचा पिवळा रंग पाण्यात उतरतो. एके काळी तो कपडे रंगवायलाही वापरत.

सुकलेल्या वाडग्याच्या खाली पिठासारखा भुगा दिसला आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर ती कीड. औषध मारू नका, यात उद्या केळी ठेवायची आहेत. पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

बारीक भेग पडलीच तर त्याच लाकडाचा भुसा आणि पातळ सुपरग्लू भरून घासून टाका, किंवा ती तशीच राहू द्या. भेगेत निळा-चमकता रेझिन ओतायची हल्ली फॅशन आहे. मला ते लाकडाच्या वाडग्यात बसलेलं प्लास्टिक वाटतं.

घासणं आणि तेल

सुकल्यावर वाडगा थोडा लंबुडका, थोडा पिळलेला असेल. पालथा घालून तळ सपाट करा: सपाट फरशीला पॉलिशपेपर चिकटवून त्यावर घासला की डुगडुगणं जातं. मग धारदार पटाशीनं पातळ कापांत भिंती ठरलेल्या जाडीला आणा.

आतल्या बाजूच्या खुणा घालवायला पॉलिशपेपरआधी खरवडणी वापरा. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर गोलसर करून घेतला की झालं. फुटलेल्या काचेच्या कडेनंही जुने मेस्त खरवडत, पण जाड हातमोजे असतील तरच. नंतर ८०, १२०, १८० असे नंबर. १८०नंतर ओलं फडकं फिरवा, तासाभरानं उभे राहिलेले तंतू २२०नं घासा. त्यापुढे जायची गरज मला दिसत नाही. बाहेरच्या बाजूला पटाशीचे पैलू तसेच ठेवलेत तर हात लावणाऱ्याला वाडगा कसा झाला ते समजतं. आत मात्र गुळगुळीत हवा, नाहीतर शिजलेलं काही अडकून राहतं. तोंडाला मास्क बांधा. फणसाच्या आणि सागाच्या भुशानं शिंका आणि खाज येते. पावसात पॉलिशपेपर मऊ पडतो, डब्यात बंद ठेवावा.

लोखंड आणि ओलं लाकूड जिथे बराच वेळ टेकतं तिथे निळे-काळे डाग पडतात. सागात, ऐनात जास्त. लिंबाचा रस लावून थोड्या वेळानं पुसला तर बहुतेक जातात.

तेलाबद्दल मतभेद आहेत. खोबरेल घरात असतंच, वासही चांगला, पण ते लाकडात कधी कडक होत नाही. पुन्हा पुन्हा लावावं लागतं आणि धुतल्यावर निघून जातं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही आणि खाण्याच्या भांड्याला चालतं, पण तेही वाळणारं नाही. वाळणारं तेल म्हणजे जवसाचं. खाण्याचं, घाण्यावरचं कच्चं घ्या. हार्डवेअरमधल्या उकळलेल्या जवस तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते खाण्याच्या वाडग्याला नको. कच्चं तेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं कोरडं पुसून काढा, दोन दिवस थांबा, पुन्हा लावा, असे चार-पाच हात. पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे लगेच सार ओतू नका. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात म्हणून कुणी तेही सुचवेल. ते कातडी जाळणारं आहे, वाडग्याला कधीच लावू नका. लाखेचं पॉलिश खाण्याला सुरक्षित, पण गरम पाण्यानं आणि दारूनं पांढरं पडतं. कोरडे काजू, बिस्किटं ठेवायची असतील तर चालेल. मधमाश्यांचं मेण आणि तेल एकाला चार या प्रमाणात गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवून लावलं तर काठावर मऊ चकाकी येते.

वापरताना आंबट पदार्थ, कोकम, ताक, यांत फार वेळ भिजू देऊ नका. साबणानं पटकन धुवा, सावलीत तिरपा टेकवून वाळवा, उन्हात नाही. मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आधी, एक हात तेलाचा द्या आणि पावसाळाभर बंद कपाटाऐवजी हवा खेळेल अशा फळीवर ठेवा. तरी आतून पांढरी बुरशी आलीच तर व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून, पंख्याखाली दिवसभर सुकवून, पुन्हा तेल.